नग बारा

नांदेडला स्टेशनच्या रस्त्यावर काचेचं एक नवं मोठं दुकान झालं आहे. सुनेनं यादी दिली म्हणून गेल्या महिन्यात तिथं गेलो होतो. थंड कपाटात दह्याच्या डब्यांशेजारी पिवळसर तुकडे गुंडाळून ठेवले होते आणि खाली पाटी होती, 'बारा महिने मुरवलेलं चीज'. एक तरुण जोडपं त्यातला एक तुकडा हातात घेऊन मागचा मजकूर वाचत होतं. प्रथिनं किती, कॅल्शियम किती, दुधातली साखर जवळजवळ नाहीच. बाहेरच्या देशातल्या लोकांना काय काय सुचतं, असं ती मुलगी कौतुकानं म्हणाली आणि माझं डोकं तडकलं. त्या पोरीचा काही दोष नव्हता. पण हीच वस्तू, आपल्या देवणी गाईंच्या दुधाची, आपल्याच पोरींनी केलेली, आम्ही फावड्यानं खड्ड्यात लोटली आणि वरून फिनेल ओतलं, हे तिला कोण सांगणार? यादीतलं काहीही न घेता मी बाहेर आलो.

'आम्ही' असं लिहिलं खरं, पण तीही लबाडीच. त्याचं पुढं येईलच. आधी पाईकराव बाईंबद्दल लिहितो.

नांदेडहून हदगावला जाताना अर्धापूरच्या पुढं मुलींची एक निवासी शाळा होती. दुग्धव्यवसायाची पदविका द्यायची. मी तिथं भांडारपाल होतो. कुलपं, किल्ल्या, फिनेलच्या बाटल्या, झाडू, परीक्षानळ्या, सगळं माझ्या ताब्यात. विमल पाईकराव तिथं दुग्धपदार्थ शिकवायच्या. बुटक्या, तुरुतुरु चालणाऱ्या, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कायम कोपराच्या वर. लोक खिशाला पेन लावतात, बाईंच्या खिशाला थर्मामीटर असायचा. प्रयोगशाळेच्या दारात बादली आणि साबण ठेवलेला. आत येणाऱ्यानं कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचं नाही, मग तो कुणी का असेना. एकदा प्राचार्य तसेच आत शिरले तेव्हा बाईंनी सगळ्या वर्गासमोर त्यांना बादली दाखवली. त्यांनी हात धुतले, पण ते हात धुणं ते कधी विसरले नाहीत.

बाई रागीट होत्या. हे मी कौतुकानं सांगतो आहे. रागावण्यासारखं भोवताली इतकं असताना जी माणसं शांत राहतात त्यांचा मला आताशा संशय येतो. झाकण उघडं राहिलं की बाई रागवायच्या. 'बिचारी' हा शब्द कानावर आला की रागवायच्या. हदगावकडची बोली एरवी त्या आवरून धरायच्या, पण चिडल्या की सगळं पुस्तकी मराठी गळून पडायचं. वसतिगृहाच्या जेवणघरात एक चित्र लावलं होतं. गोबऱ्या गालांचं, कुरळ्या केसांचं एक पोर हातात दुधाचा पेला घेऊन हसतंय आणि खाली ठळक अक्षरात 'दूध हे पूर्णान्न आहे'. बाईंनी त्याच्याखाली पेनानं लिहिलं, 'सोसलं तर'. रेक्टरबाईंनी ते खोडलं. बाईंनी पुन्हा लिहिलं. असं दोनदा झालं आणि तिसऱ्यांदा रेक्टरबाईच कंटाळल्या.

हे 'सोसलं तर' कुठून आलं ते मला फार उशिरा कळलं, तेही माझ्या चहामुळं. मी पहिल्यापासून कोरा चहा पितो. एकदा भांडारात बसून चहा घेताना बाईंनी कारण विचारलं. मी म्हणालो, आमच्या किल्लारीच्या घरी चार म्हशी होत्या, पण मला लहानपणापासून दूध चालत नाही, पोट बिघडतं. आई सगळ्यांना सांगायची, माझं लेकरू पोटाचं नाजूक आहे, त्याला दुधाचा आग्रह करू नका. माझ्या वाट्याच्या दुधाचं ती दही लावायची. बाईंनी कप खाली ठेवला आणि हसल्या. ते हसू चांगलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. आठ-नऊ वर्षांच्या असताना त्या वसतिगृहात होत्या. वडिलांनी, लेक शिकलीच पाहिजे, या हट्टानं ठेवलं होतं. तिथं रोज सकाळी पेलाभर दूध मिळायचं आणि पेला रिकामा होईपर्यंत रखवालीला एक बाई उभी असायची. दूध पोटात गेलं की तासाभरात कळा. वर्गातून पळावं लागायचं, कधी पोचता यायचं नाही. फ्रॉक भरायचा. पोरी नाक धरायच्या. एक दिवस ती रखवालीची बाई सगळ्या रांगेसमोर म्हणाली, या लोकांच्या घरी दूध कुठलं, यांच्या पोटाला सवयच नसते. बाईंनी हे अगदी सपाट आवाजात सांगितलं. मग माझ्या कपाकडं बोट केलं.

"पोट एकच हाय, बिराजदार. तुमचं ते नाजूक, आन् माझं ते बिनसवयीचं."

 

पुढं शिकताना त्यांना कळलं की यात घराण्याचा काही संबंध नाही. दुधात एक साखर असते, ती पचवणारं द्रव्य पुष्कळ माणसांच्या पोटात लहानपणानंतर कमी होत जातं. जहागीरदाराच्या पोटातही होतं आणि मजुराच्याही. पण जहागीरदाराला कुणी सवय नाही म्हणत नाही. नोकरी लागल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांना हरियाणात प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं वर्षभर मुरवलेल्या कडक चीजचा तुकडा सगळ्यांना चाखायला दिला. बाईंनी आधी नाही म्हटलं. शिकवणाऱ्या सरांनी समजावलं की दुधातली साखर बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते आणि जी राहते ती मुरताना जंतू खाऊन टाकतात. उरतं ते प्रथिन, स्निग्धांश आणि हाडांना लागणारा चुना. बाईंनी नखाएवढा तुकडा खाल्ला आणि घड्याळ बघत बसल्या. एक तास गेला. दोन गेले. जेवणाची वेळ झाली. काहीच झालं नाही. "त्या दिवशी पहिल्यांदा दुधानं माझी इज्जत काढली न्हाई," त्या म्हणाल्या.

तिथून आल्या त्या हे वेड घेऊनच. शाळेच्या मागं केळी पिकवण्यासाठी बांधलेली एक थंड खोली होती. केळीचा अभ्यासक्रम सुरूच झाला नाही, खोली तशीच पडून होती. केळीला जेवढा गारवा लागतो तेवढाच या चीजला लागतो, हे बाईंच्या ध्यानात आलं. आमच्याकडं बाहेर उन्हाळा चाळिशीच्या पुढं जातो, आणि आत स्वेटर घालून बाई फळ्यांवर गोल ढेपा मांडायच्या. मुली त्यांना ढेपाच म्हणायच्या, कारण दिसायच्या गुळाच्या ढेपेसारख्या. दहा लिटर दुधाचं जेमतेम किलोभर चीज होतं. त्यामुळं एवढाल्या दुधाचं बाई काय करून राहिल्यात, असा कारकुनांना रोज प्रश्न.

दर आठवड्याला बाई प्रत्येक ढेप मिठाच्या पाण्यानं पुसायच्या, उलटी करायच्या आणि बोटाच्या पेरानं ठोकून बघायच्या. मला सुद्धा कान लावायला लावायच्या. भरीव वाजली तर ठीक, पोकळ वाजली तर आत हवा धरली. ढेपेच्या सालीवर करडी, तपकिरी बुरशी यायची. ती यायलाच हवी, असं बाई म्हणायच्या. बाहेर ती राखण करते, आत चीज मुरतं. कापताना साल काढून टाकायची. आतला तुकडा दाताखाली आला की मधेच कुरकुर लागायची. मला वाटलं मिठाचे खडे. बाई म्हणाल्या, मीठ नव्हे, प्रथिनाचे कण आहेत, तेवढं मुरायला धीर लागतो. त्या कणांचा त्यांना मुलांच्या गुणपत्रिकेसारखा अभिमान होता.

पण चीजची आरती त्या कधी करत नव्हत्या. ज्यांचा रक्तदाब वाढलेला त्यांना देत नसत, कारण त्यात मीठ बरंच असतं. बाकीच्यांना करंगळीएवढा तुकडा, वर एक कण नाही. कुणी म्हणालं की यानं गुडघे बरे होतात का, तर म्हणायच्या, औषध न्हाई हे, अन्न हाय. तुकडा दिल्यावर समोरच्याला स्टुलावर बसवायच्या आणि पोटात काही होतंय का ते विचारत राहायच्या. लोक चवीचं सांगायला लागले की चिडायच्या. "जिभेचं मला सांगू नका. पोटाचं सांगा."

आमच्या भागात दूध नासणं वाईट मानतात. आमच्या घरी दूध फाटलं की आई ते गुपचूप म्हशीच्या घमेल्यात ओतायची आणि बाहेर बोलू नका म्हणून बजावायची. लोणचं मुरलेलं चालतं, चिंच जुनी चालते, तूप जुनं तर औषधाला ठेवतात. दूध मात्र आजचं आजच. इथं तर एक बाई मुद्दाम दूध फाडून आठ-आठ महिने ठेवत होती, आणि त्यातून ती पाईकराव; आडनाव ऐकलं की लोकांना जात कळते. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. दूध फाडायला ती वासराच्या आतड्यातलं काहीतरी घालते, असं कुणीतरी सोडून दिलं. बाईंनी दूध फाडायच्या द्रव्याची बाटली आणून टेबलावर आपटली. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की हे जंतूंपासून तयार केलेलं आहे, जनावराचं नाही. सगळ्यांनी बाटली बघितली, वाचली, माना डोलावल्या आणि कुजबुज तशीच चालू ठेवली. बाईंनी तुकड्यांची ताटली फिरवली की हेडक्लार्कचा उपवास निघायचा. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. बाईंनी एकदा मुद्दाम बुधवारी ताटली नेली. त्या दिवशी हेडक्लार्कची दाढ दुखत होती.

ललिता आडे त्या वर्षी आली. इस्लापूरकडच्या तांड्यावरची, काटक, कमी बोलणारी. वसतिगृहात सकाळचा दुधाचा पेला सक्तीचा होता, पेल्यावरच हजेरी लागायची. ललिता पेला संपवायची आणि पहिला तास संडासात काढायची. रेक्टरबाईंनी तिच्या नावापुढं 'कामचुकार' असं लिहून ठेवलं होतं. बाईंनी एक दिवस तिला प्रयोगशाळेत पोट धरून वाकलेली बघितली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी हातातली बरणी ठेवून बाहेर गेलो. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ललिताचं दूध बंद केलं आणि आधीच्या वर्षीच्या ढेपेतला करंगळीएवढा तुकडा तिला रोज सकाळी द्यायला सुरुवात केली. तीन आठवडे. ती एकही तास चुकली नाही. एकदा माझ्यादेखत तिनं विचारलं, मॅडम, हे खरंच दूध हाय का? बाई म्हणाल्या, "दूधच हाय. तुझ्यासाठी थांबलेलं हाय."

मग बाईंनी सगळं वसतिगृह तपासलं. दूध न सोसणाऱ्या बारा मुली निघाल्या. कुणी सांगत नव्हतं, कारण असं सांगायची लाज वाटते. बाईंनी वसतिगृह समितीकडं अर्ज दिला की या बाराजणींना रोजच्या पेल्याऐवजी मुरलेलं चीज द्यावं, दूध तेवढंच, फक्त रूप वेगळं. समितीनं आधी शाळेच्या मान्यतेची मोठी तपासणी होऊ द्या, मग बघू, असं सांगितलं. बाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. बाराही मुलींनी सुट्टीच्या दिवशी एकेक ढेप स्वतःच्या हातानं केली, फडक्यात बांधली, दाबाखाली ठेवली. प्रत्येकीनं कापडी पट्टीवर आपलं नाव आणि तारीख लिहून ढेपेला बांधली. पुढच्या जूनमध्ये त्या कापायच्या होत्या. म्हणजे बारा मुलींचं वर्षभराचं दूध त्या केळीच्या खोलीत फळ्यांवर बसलेलं होतं. मुली जेवणानंतर दाराच्या फटीला नाक लावून वास घेऊन यायच्या.

ढेपांना आठ महिने झाले असताना तपासणीची तारीख आली. त्याच आठवड्यात हदगावला बाईंची आई अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. म्हातारीनं जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपलेलं, तिच्या हाडांना काय मिळालं असणार? बाई निघताना भांडारात आल्या, केळीच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, दार उघडू नका, बाहेरची हवा लई गरम हाय. काही झालं तर फोन करा.

दुसऱ्याच दिवशी प्राचार्य स्वच्छतेला निघाले. मागं मी, हेडक्लार्क आणि दोन शिपाई. केळीच्या खोलीपाशी थांबून म्हणाले, उघडा. मी उघडली. गार वास बाहेर आला, जुन्या तळघरासारखा. फळ्यांवर बारा ढेपा, करड्या बुरशीनं भरलेल्या, गळ्यात नावाच्या पट्ट्या. हेडक्लार्कनं नाकाला रुमाल लावला. प्राचार्य म्हणाले की तपासणीवाल्यांनी हे बघितलं तर शाळा बंद करतील. पंचनामा करून पुरून टाका. आणि माझ्याकडं वळले.

"बिराजदार, तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा."

मी लिहिलं. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. 'बुरशी लागलेले, नासके, मानवी सेवनास अयोग्य दुग्धपदार्थ. नग बारा.' खाली पंच म्हणून माझी सही.

मला माहीत होतं. त्या ढेपांना मी कान लावला होता. त्यातलं चीज मी निदान वीस वेळा खाल्लं होतं आणि माझं नाजूक पोट एकदाही दुखलं नव्हतं. नासलेलं नाही, मुरलेलं आहे, एवढंच म्हणायचं होतं. खिशात फोन होता. मी म्हटलं नाही, फोन केला नाही. प्राचार्यांची भीती होती, हे खरं. पण तेवढंच नव्हतं, आणि आता या वयात खोटं कशाला लिहू? बाई कधीमधी कागदात बांधून घरी न्यायला तुकडा द्यायच्या. तो मी कधीही घरी नेला नाही. कुणी केलं, असं बायको विचारेल म्हणून नेला नाही. आसना नदीच्या पुलावर मोटारसायकल थांबवून तो पुडा खाली टाकायचो आणि दुसऱ्या दिवशी बाईंना सांगायचो, घरी सगळ्यांना आवडलं. वीस वेळा खाणाऱ्या माणसाच्या आत ही घाण बसलेली होती. ढेपांवरची बुरशी निदान बाहेर तरी होती.

बाई तिसऱ्या दिवशी हदगावच्या बसनं आल्या. खोली धुऊन-पुसून कोरडी होती, फिनेलचा वास येत होता. त्या सरळ भांडारात आल्या आणि पंचनाम्याची प्रत मागितली. उभ्यानंच वाचली. मला वाटलं आता सगळी शाळा गोळा होईल. आवाज चढलाच नाही.

"अक्षर तुमचं हाय," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, माझा फोन बंद होता का? मी म्हणालो, नाही.   त्या कागद टेबलावर ठेवून खड्ड्याकडं गेल्या. तिथं मुली उभ्या होत्या. मातीतून एका पट्टीचं टोक वर आलं होतं, त्यावरची शाई फिनेलनं पसरली होती. ललितानं ते ओढून काढायला हात घातला, तर बाईंनी तिचा हात धरला आणि आधी तिला नळावर नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावले.

तपासणीवाले आले. कार्यालयात बसले, रजिस्टरं चाळली, जेवले, स्वच्छतेबद्दल शेरा देऊन गेले. मागच्या बाजूला कुणी फिरकलंसुद्धा नाही. केळीची खोली बघायची त्यांना गरजच वाटली नाही. हे आठवलं की अजून माझ्या कानशिलात आग होते.

बाईंच्या अर्जावर 'सदर पदार्थ अयोग्य आढळल्याने निकाली' असा शेरा पडला. माझा पंचनामा पुरावा म्हणून जोडला होता. बाराजणींचे पेले चालूच राहिले आणि ललिताचाही पुन्हा सुरू झाला. मुली पेला तोंडाला लावायच्या आणि पाठ वळली की मोरीत ओतायच्या. मग त्या दूध वाया घालवतात अशी तक्रार झाली आणि पेल्यापाशी पुन्हा एक बाई उभी राहिली. ललिताची हजेरी भरली नाही. परीक्षेला बसू देत नाहीत म्हटल्यावर तिनं पेटी उचलली आणि इस्लापूरची बस धरली. तिच्या कागदावर 'कौटुंबिक कारण' असं लिहिलं. दुधाचं नाव कुठंही नाही.

बाईंनी शिकवणं सोडलं नाही, पण पुढं त्या खोलीत पाय ठेवला नाही. दीड वर्षानं निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला प्राचार्यांनी त्यांच्या कार्याचा गौरव केला, शाल दिली, आणि सगळ्यांना केशर घातलेलं मसाला दूध वाटलं. एक पेला त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो टेबलावर ठेवला आणि बोलायला उभ्या राहिल्या. एवढंच म्हणाल्या, "इतकी वर्षं तुमच्यासंगट काढली. मला दूध सोसत न्हाई, हे एकालाबी ठाऊक न्हाई." आणि बसल्या. लोकांना वाटलं गंमत केली. टाळ्या वाजल्या. मला ठाऊक होतं, आणि मीही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर सहा वर्षं मी त्यांना भेटलो नव्हतो. त्या दिवशी काचेच्या दुकानातून बाहेर पडलो तो घरी गेलोच नाही. बसस्टँडवर आलो आणि हदगावची गाडी धरली.

घर विहाराच्या मागं आहे, दोन खोल्यांचं. दार उघडंच होतं. बाजेवर म्हातारी आई, नव्वदीच्या घरातली, तो खुबा पुढं कधी धड झाला नाही. बाई स्वयंपाकघरात होत्या. केस पांढरे झालेत, बाह्या मात्र तशाच कोपराच्या वर. मला बघून त्यांना नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

"हात धुवा," त्या म्हणाल्या. "कोपरापर्यंत."

मी धुतले. कोपऱ्यात एक जुना फ्रिज होता, त्याला बाहेरून तापमानाचं यंत्र जोडून त्यांनी केळीच्या खोलीइतका गारवा धरून ठेवला होता. आत दोन ढेपा. तिसरी ओट्यावर पाटावर होती, साल काढलेली. रविवारी विहारात येणाऱ्या म्हाताऱ्यांना त्या करंगळीएवढा तुकडा देतात आणि पोटाचं विचारतात. त्यांनी किसणीवर थोडं किसलं, आईच्या भाकरीच्या कुसकऱ्यात मिसळलं, आणि तिला भरवता भरवता मला एक तुकडा दिला. दाताखाली कुरकुर लागली. मी म्हणालो, बाई, माझं चुकलं.

त्यांनी आईचं तोंड पुसलं. "चुकलं न्हाई. तुम्ही लिहिलं."

मग उठून त्यांनी पाटावरच्या ढेपेचे तुकडे केले. मापून, एकसारखे. मी मोजले तर बारा झाले. त्यांनी सांगितलं की त्या बाराजणींतल्या सातजणींचा पत्ता लागला आहे. दोघी लातूरला नोकरीला आहेत, एक देगलूरला दिली आहे, बाकीच्या आपापल्या गावी. पाचजणींचा शोध चालू आहे. वर्षातून एक ढेप त्यांची असते. पत्ता लागला त्यांना पोचते, न लागलेल्यांचे तुकडे फ्रिजमध्ये राहतात. मग फळीवरून कागद आणि पेन काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं.

"अक्षर चांगलं हाय तुमचं. लिहा."

मी पेन उचललं. काय लिहू, असं मी विचारलं. नग न्हाई, नावं लिहा, त्या म्हणाल्या. मी वर 'ललिता आडे' असं लिहिलं. ललिताचा पत्ता लागला का, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. दुसरं नाव आठवेना. त्या पट्ट्या मी जवळून बघितल्या होत्या, बाराच्या बारा, मोजून लिहिल्या होत्या, आणि मला एकीच्या पलीकडं नाव येत नव्हतं. बाई माझ्याकडं बघत उभ्या होत्या.  मग एकेक नाव सांगायला लागल्या, आडनावासकट, गावासकट, सावकाश, मला लिहिता येईल असं. अकरा नावं.

लिहून झाल्यावर त्यांनी कागद घेतला, ओळ न् ओळ वाचला आणि पुन्हा माझ्यापुढं ठेवला.

"खाली सही करा," त्या म्हणाल्या.

मी केली.